पंचविसाव्या दिवसाचा ताप

हृदयाची झडप बदलून घरी आलेल्या माणसाच्या तक्रारी ऐकल्या तर त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असे वाटत नाही. छातीचे मधले हाड कापून पुन्हा तारांनी बांधलेले असते, तेव्हा तिथे दुखणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेले असते. पण त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचे बोट बधिर असते. तोंडाची चव गेलेली असते. रात्री उशी घामाने भिजते. पेपर वाचता वाचता डोळ्यांपुढे चमकणारी नागमोडी रेघ येते आणि वीसेक मिनिटांत नाहीशी होते. आवाज बसलेला असतो, मध्येच छातीत धडधडते, संध्याकाळी कणकण वाटते, कारण नसताना रडू येते. घरातल्यांचे या सगळ्याला एकच उत्तर असते : ‘एवढे मोठे ऑपरेशन झाले, थोडेफार होणारच.’ दहांपैकी बहुतेक वेळा ते बरोबरही ठरते. पंचाईत होते ती उरलेल्या वेळी, कारण तेव्हाही उत्तर तेच दिले जाते. झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या लक्षणांचा उलगडा होत नाही, त्यांत रोग्याचे नुकसान कारण ठाऊक नसल्यामुळे जितके होते त्याहून जास्त चुकीचे कारण घाईने चिकटवल्यामुळे होते. ‘अशक्तपणा’, ‘व्हायरल’, ‘टीबी असेल’, ‘मनाने घेतले आहे’ असे काहीतरी नाव पडते आणि शोध तिथेच थांबतो. नाव द्यायचे की थांबायचे हे ठरवताना लक्षण किती भयंकर वाटते याला फारसे महत्त्व नाही. ते कितव्या दिवशी आले आणि त्याआधी प्रकृती कोणत्या दिशेने चालली होती, हे पाहायला हवे.

यातली निरुपद्रवी लक्षणे आधी घेऊ, कारण त्यांना स्पष्ट कारणे आहेत आणि ती कुणी सांगत नाही म्हणूनच ती गूढ वाटतात. शस्त्रक्रियेत छातीचे हाड उभे कापून दोन्ही बाजू लोखंडी चिमट्याने फाकवाव्या लागतात आणि काही तास तशाच ठेवाव्या लागतात. त्या ताणाने वरची पहिली बरगडी हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाबली जाते. त्यातले सर्वांत खालचे तंतू करंगळीकडे आणि तिच्या शेजारच्या बोटाकडे जातात, म्हणून बधिरता नेमकी तिथे येते आणि बहुतेकांची काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते. आवाज बसतो तो श्वासनळीत घातलेल्या नळीमुळे, क्वचित स्वरयंत्राकडे जाणाऱ्या डाव्या मज्जातंतूला धक्का लागल्यामुळे. हृदय थंड ठेवण्यासाठी त्याच्याभोवती बर्फाचा चुरा वापरलेला असेल, तर श्वासपटलाचा मज्जातंतू गारठून सुस्त पडू शकतो. असा माणूस बसून ठीक असतो, आडवा झाला की त्याला दम लागतो. नागमोडी रेघेचेही तसेच. अर्धशिशीच्या आधी काहींना जे दिसते त्याच जातीचा तो प्रकार असतो. रेघ लहान ठिपक्यापासून सुरू होते, हळूहळू पसरते, दोन्ही डोळ्यांना दिसते आणि मागे काही न ठेवता जाते. याउलट एकाच डोळ्यापुढे क्षणात पडदा ओढल्यासारखा अंधार आला, किंवा बोलताना जीभ अडखळली, तर रक्ताची गुठळी मेंदूकडे गेल्याची शंका घेऊन त्याच तासाला दवाखाना गाठायचा असतो. दोन्ही तक्रारी घरात ‘डोळ्यांपुढे काहीतरी झाले’ अशाच सांगितल्या जातात. हळूहळू की झटक्यात, एका डोळ्याला की दोन्ही, एवढे दोन प्रश्न विचारले की त्या वेगळ्या होतात.

पहिल्या आठवड्यातल्या बऱ्याच गोष्टींना वेळापत्रक असते. पहिल्या दोन दिवसांतला बारीक ताप बहुधा शरीराच्या दाहाचा असतो, जंतूंचा नसतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ठेका बिघडून नाडी अनियमित आणि जलद होते, तो प्रकार झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण तीनांपैकी एका रोग्यात दिसतो आणि त्याचा जोर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी असतो. तेव्हा रोगी मॉनिटरखालीच असल्याने फार अडत नाही. घरी आल्यावर मात्र वेळापत्रक सांगणारे कुणी नसते. सर्वसाधारणपणे छातीचे हाड सांधायला दोन-तीन महिने लागतात, ताकद त्याहून हळू येते, एखादा दिवस वाईट जातो. तरी आठवड्याला आठवडा लावून पाहिले तर चढण दिसायला हवी. तिसऱ्या आठवड्यात जिना चढणारा माणूस चौथ्या आठवड्यात पलंगावरून उठताना धापा टाकू लागला, किंवा ताप जाऊन पंधरा दिवस झाल्यावर पंचविसाव्या दिवशी पुन्हा आला, तर त्याला ‘ऑपरेशनचा थकवा’ म्हणणे तर्काला धरून नाही. शस्त्रक्रियेचा परिणाम शस्त्रक्रियेपासून दूर जाताना कमी होत जातो. जो वाढतो आहे त्याचे कारण दुसरे असणार.

घाईच्या नावाने अनुभवी डॉक्टरांनाही कसे फसवले त्याचे उदाहरण या शाखेच्या बालपणातच सापडते. १९५० च्या सुमारास अरुंद झालेली मायट्रल झडप बोटाने किंवा अवजाराने मोकळी करण्याच्या शस्त्रक्रिया अमेरिकेत, युरोपात आणि लवकरच आपल्याकडेही होऊ लागल्या. त्यातल्या काही रोग्यांना दोन-चार आठवड्यांनी ताप येई, श्वास घेताना छातीत दुखे, हृदयाच्या आवरणात आणि फुप्फुसाबाहेर पाणी जमे. या सगळ्यांच्या झडपा लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने खराब झालेल्या होत्या. १९५३ मध्ये अमेरिकी डॉक्टरांच्या एका गटाने निष्कर्ष काढला की शस्त्रक्रियेने जुना ऱ्हुमॅटिक ताप पुन्हा जागा केला. निष्कर्ष उथळ नव्हता. शस्त्रक्रियेत काढलेल्या हृदयाच्या तुकड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली ऱ्हुमॅटिक तापाच्या खास गाठी अनेकदा सापडत होत्या. शिवाय ॲस्पिरिन आणि स्टिरॉइड दिले की हे रोगी बरे होत, आणि ऱ्हुमॅटिक तापही त्यांनीच उतरतो. पुरावा होता, उपचारही लागू पडत होता.

हे नाव पाच वर्षे टिकले. १९५८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये इतो, मेरी ॲलन एंगल आणि गोल्डबर्ग यांनी दाखवले की हाच ताप, हेच दुखणे, हेच पाणी जन्मजात हृदयदोषासाठी शस्त्रक्रिया झालेल्यांतही दिसते, आणि त्यांना ऱ्हुमॅटिक आजार कधी झालेलाच नव्हता. सगळ्यांत समान होती ती एकच गोष्ट, हृदयाचे आवरण उघडलेले होते. तेव्हापासून याला पोस्टपेरिकार्डिओटॉमी सिंड्रोम म्हणतात. दुखावलेल्या आवरणाविरुद्ध शरीराची प्रतिकारयंत्रणाच उठते अशी आजची समजूत आहे. या गोष्टीत मला मोलाचे वाटते ते एवढेच की औषधाने बरे वाटले म्हणून निदान खरे ठरत नाही. स्टिरॉइड दहा तऱ्हेच्या दाहांना शमवते. संसर्गही काही दिवस झाकते. आजही घरी आलेल्या रोग्याला ताप आला, कुणीतरी स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले आणि दोन दिवस बरे वाटले, की ‘कळले काय होते ते’ असे सगळे समजून चालतात. योग्य नाव मिळाल्याचा फायदा मात्र मोजता आला. इटलीत ३६० रोग्यांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गाऊटवरचे जुने औषध कोल्चिसिन शस्त्रक्रियेनंतर महिनाभर दिल्यावर हा विकार ८.९ टक्के रोग्यांत दिसला, ज्यांना औषध दिले नव्हते त्यांच्यात २१.१ टक्क्यांत. ऱ्हुमॅटिक तापाचाच समज पुढे चालू राहिला असता तर हा विचार कुणाला सुचायचे कारण नव्हते.

दुसरे नाव ‘अशक्तपणा’. ते सगळ्यांत घातक, कारण कुणालाच त्याची भीती वाटत नाही. हृदयाच्या आवरणात शस्त्रक्रियेनंतर थोडे पाणी किंवा रक्त जमणे नेहमीचे आहे. साधारण दहाव्या दिवशी ते सर्वाधिक असते आणि मग जिरते. झडप बदललेल्या रोग्याला रक्त पातळ करणारी गोळी चालू असते, वॉरफरिन किंवा आपल्याकडे जास्त दिली जाणारी ॲसेनोकुमरॉल. ती प्रमाणाबाहेर गेली तर आवरणात रक्त झिरपत राहते आणि हृदयाला फुगायला जागा उरत नाही. क्लॉड बेक यांनी १९३५ मध्ये याची तीन चिन्हे सांगितली आणि ती प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला पाठ असतात : घसरलेला रक्तदाब, मानेच्या फुगलेल्या शिरा आणि हृदयाचे दबलेले ठोके. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येणाऱ्या प्रकारात ती तिन्ही एकत्र क्वचितच दिसतात. साकळलेले रक्त हृदयाच्या मागे एका कोपऱ्यात असू शकते, रक्तदाब बराच काळ टिकून राहतो. रोगी सांगतो ते असे : जेवण जात नाही, मळमळते, लघवी कमी होते, पाय जड वाटतात, उठून बसायचाही कंटाळा येतो. घरचे डाळिंबाचा रस देतात, जवळचे डॉक्टर सलाइन आणि बी-कॉम्प्लेक्स. इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, दहा मिनिटे आणि रक्त किती पातळ झाले आहे ते सांगणारी आयएनआर तपासणी एवढ्यात सुटणारा हा प्रश्न असतो. वेळेत सुटला तर सुई घालून पाणी काढले की रोगी त्याच दिवशी हिंडू लागतो. सुटला नाही तर मृत्यूच्या दाखल्यावर बहुधा ‘हृदय बंद पडल्याने’ एवढेच लिहिले जाते.

तिसऱ्या उदाहरणाकडे जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण तिथे रोगी, डॉक्टर, रुग्णालय कुणाचाच निष्काळजीपणा नव्हता आणि तरी चुकीच्या नावाने माणसे गेली. हृदय थांबवून शस्त्रक्रिया करताना रक्त पंपातून फिरते आणि त्याचे तापमान राखण्यासाठी शेजारी चाकांवरचे एक यंत्र उभे असते. त्याच्या टाक्यांत पाणी असते. ते नळ्यांतून जाऊन रक्ताला बाहेरूनच गरम किंवा थंड करते आणि टाकीत परत येते. पाणी रक्ताला कुठेही शिवत नाही, म्हणून ते निर्जंतुक असायची गरज कुणाला वाटली नव्हती. पण टाकी हवाबंद नव्हती आणि यंत्राला थंड ठेवणारा पंखा मागून हवा फेकत होता. झुरिकमध्ये झडपेची शस्त्रक्रिया झालेल्या काही रोग्यांत मायकोबॅक्टेरियम चिमेरा नावाचा, क्षयाच्या जंतूच्या कुळातला, एरवी पाण्यामातीत राहणारा जंतू सापडला आणि २०१३ पासून त्याची वृत्ते प्रसिद्ध होऊ लागली. शोध घेत घेत संशोधक या टाकीपर्यंत पोचले. थिएटरमध्ये धूर सोडून पाहिले तेव्हा यंत्राची हवा वरून येणाऱ्या स्वच्छ हवेचा पडदा भेदून थेट उघड्या छातीच्या जागी जाताना दिसली. पुढे वेगवेगळ्या देशांतल्या रोग्यांचे आणि यंत्रांचे जंतू जनुकीय पातळीवर ताडून पाहिले तेव्हा ते एकमेकांशी आणि जर्मनीतल्या ज्या कारखान्यात ती यंत्रे तयार झाली तिथल्या जंतूंशी जुळले. हा अभ्यास २०१७ चा.

पण रोग्यांच्या बाजूने पाहिले तर काय होते? शस्त्रक्रिया उत्तम झालेली, जखम भरलेली. मग दीड वर्षांनी, काहींच्या बाबतीत पाच-सहा वर्षांनी, थकवा, रात्रीचा घाम, घटते वजन, येणारा-जाणारा ताप. नेहमीच्या ब्लड कल्चरमध्ये काही उगवत नाही, कारण या जंतूला वाढायला कित्येक आठवडे लागतात आणि नेहमीच्या बाटल्या पाच दिवसांत टाकून देतात. यकृताचा किंवा अस्थिमज्जेचा तुकडा तपासला तर दाहाच्या विशिष्ट गाठी मिळतात, पण जंतू दिसत नाही. युरोप-अमेरिकेत अशा गाठींना सारकॉइडोसिस म्हणायची सवय आहे आणि सारकॉइडोसिसवर स्टिरॉइड देतात. काही रोग्यांना ते दिले गेले. पहिल्या वृत्तांमधले जवळपास निम्मे रोगी दगावले. इथे अज्ञान अपरिहार्य होते, कारण या जंतूला स्वतंत्र जात म्हणून ओळखच मुळी २००४ मध्ये मिळाली होती. स्टिरॉइड मात्र अपरिहार्य नव्हते. ‘कृत्रिम झडप असलेल्या माणसाला कारण न कळणारा ताप आहे’ एवढेच वाक्य फायलीवर उघडे ठेवले असते तर संशयाची सुई झडपेकडे आधी वळली असती.

आपल्याकडे अशा गाठी दिसल्या की सारकॉइडोसिस कुणाच्या मनात आधी येत नाही, टीबी येतो. भारतात टीबी इतका आहे की हा विचार चुकीचा म्हणता येत नाही. पण झडप बदललेल्या रोग्यात पुराव्याशिवाय टीबीची औषधे सुरू करण्याची किंमत वेगळी आहे. त्यातले रिफाम्पिसिन यकृताची औषधे मोडण्याची गती वाढवते आणि रक्त पातळ करणारी गोळी जवळजवळ निकामी करते. डोस दुप्पट-चौपट करूनही आयएनआर जागेवर येत नाही. यांत्रिक झडपेला साधारणपणे महाधमनीच्या जागी २ ते ३ आणि मायट्रलच्या जागी २.५ ते ३.५ इतका आयएनआर लागतो. तो १.३ वर उतरला तर झडपेवर गुठळी जमायला सुरुवात होते. म्हणजे मूळ ताप टीबीचा नसून झडपेवरच्या संसर्गाचा असेल, तर त्या नावाने दोन संकटे एकदम ओढवतात : संसर्ग वाढत राहतो आणि झडप अडकण्याचा धोका वर. साध्या अँटिबायोटिकचेही असेच. कृत्रिम झडपेच्या रोग्यांपैकी सुमारे १ ते ३ टक्क्यांना पहिल्या वर्षात एंडोकार्डायटिस, म्हणजे झडपेवर जंतूंची वस्ती, होते. निदानाचा कणा असतो अँटिबायोटिकआधी वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेल्या ब्लड कल्चरच्या तीन जोड्यांचा. तालुक्याच्या गावी ताप आला की दुकानातून तीन दिवसांची गोळी येते. ताप उतरतो, जंतू अर्धमेले होतात, कल्चर कोरे येते आणि चौथ्या आठवड्यात झडप सुटून गळू लागते. भारतातल्या मोठ्या रुग्णालयांत कल्चर कोरे येणाऱ्या एंडोकार्डायटिसचे प्रमाण इतके मोठे का, याचे एक कारण या तीन गोळ्यांत आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. माणूस आधीच घाबरलेला, त्यात प्रत्येक दुखण्याकडे संशयाने बघायला शिकवले तर त्याची झोप उडेल आणि दवाखाने रिकाम्या भीतीने भरतील. आक्षेपात तथ्य आहे, पण भीती कोणत्या लक्षणांची वाटते ते पाहिले तर तो बराच सैल पडतो. रोग्यांना घाबरवतात ती बधिर बोटे, नागमोडी रेघ, छातीच्या टाक्याजवळची टोचणी, यांत्रिक झडपेची रात्री ऐकू येणारी टिकटिक. यातले जवळजवळ सगळे निरुपद्रवी आहे आणि आधी सांगितले तर भीती उरत नाही. ज्याने खरेच घाबरायचे तो मंद ताप, ती मळमळ, ते वाढते वजन मात्र कुणाला घाबरवत नाही. म्हणजे आज भीती आहेच, फक्त ती चुकीच्या पत्त्यावर जाते. दिशा आणि दिवस पाहायची सवय लागली तर एकूण भीती कमी होईल असे मला वाटते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे : तपासण्याही फसवतात. शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे रक्तातले सीआरपी, म्हणजे दाहाची खूण, वाढलेलेच असते. दहाव्या दिवशी इको केला तर बहुसंख्यांच्या हृदयाभोवती थोडे पाणी सापडते आणि ‘पाणी झाले’ हे शब्द ऐकून घर हादरते. उपचारही नेहमी उपयोगी पडत नाहीत. फ्रान्समध्ये १९६ रोग्यांवर झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे पाणी कमी करण्यासाठी दोन आठवडे डायक्लोफिनॅक देऊन पाहिले आणि काहीही फरक पडला नाही. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याला हेच औषध जठरातल्या रक्तस्रावाचे निमंत्रण ठरू शकते. कृत्रिम झडपेच्या इकोत धातूची सावली पडते, त्यामुळे छातीवरून केलेला इको स्वच्छ आला तरी संसर्ग नाही असे म्हणता येत नाही. शंका दाट असेल तर अन्ननलिकेतून इको करतात आणि तोही कोरा आला तर पाच-सात दिवसांनी पुन्हा करतात. पहिल्या तीन महिन्यांत पेट स्कॅनही शस्त्रक्रियेच्या जखमेलाच संसर्ग समजून उजळू शकतो. हे सगळे मान्य. पण यातून निघते ते तपासणी करू नये असे नाही. एका तपासणीला नाव देण्याचा अधिकार नाही, एवढेच निघते. एकटे सीआरपी काही सांगत नाही. उतरत आलेले सीआरपी पुन्हा चढले तर सांगते. थोडे पाणी काही सांगत नाही. पाणी, चढती नाडी आणि घटती लघवी एकत्र असतील तर पुष्कळ सांगतात.

तिसरा आक्षेप अंतराचा आणि पैशाचा. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या रोग्याची झडप महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुंबई-पुण्याला किंवा नागपूरला बदलून होते आणि तो घरी परततो तेव्हा इकोचे यंत्र शंभर किलोमीटरवर असते. त्याला ‘शंका आली की या’ म्हणणे थट्टा आहे. म्हणून तर लक्षणांच्या नावापेक्षा दिशेवर भर द्यायचा, कारण दिशा कळायला यंत्र लागत नाही. घरात थर्मामीटर आणि वजनाचा काटा, रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी घेतलेले वजन, एक वही. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले तर ते अंगी लागलेले जेवण नसते, साठलेले पाणी असते. ताप १०० फॅरनहाइटच्या वर दोन वेळा गेला तर गोळी घ्यायच्या आधी फोन. आयएनआर आता तालुक्यालाही होतो. तो टिकवायला पालक-मेथी सोडावी लागत नाही, आठवड्याचे प्रमाण साधारण सारखे ठेवावे लागते, आणि नवे कोणतेही औषध सुरू झाले की चार-पाच दिवसांत पुन्हा तपासावा लागतो. हे सगळे मिळून निदान होत नाही. कधी निघायचे, एवढे ठरते.

मनाच्या तक्रारींबद्दल थोडक्यात. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर उदासी आणि विसराळूपणा येतो हे खरे आहे, आणि पंपाने मेंदू मंदावतो अशी दहशतही बरीच पसरली. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात बायपास झालेल्यांपैकी ४२ टक्क्यांची बुद्धिचाचणी पाच वर्षांनी घसरलेली आढळली. नंतर जेव्हा शस्त्रक्रिया न झालेल्या हृदयरोग्यांशी तुलना झाली तेव्हा त्यांच्यातही तशीच घसरण दिसली, म्हणजे दोष पंपाइतकाच किंवा जास्त रक्तवाहिन्यांच्या जुन्या आजाराचा होता. उदासीवर उपचार करावेत, ती खरी असते. पण ‘मनाचे आहे’ हे नाव शेवटी यावे. स्त्रियांच्या बाबतीत ते फार लवकर येते, आणि आपल्याकडे ऱ्हुमॅटिक आजाराने झडप गेलेल्यांत तरुण स्त्रियाच पुष्कळ असतात.

आणखी दोन लक्षणे अशी की ती आधी रोग्यालाच कळतात. यांत्रिक झडपेचा ठोका. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत घडलेली आणि डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा बसवली गेलेली चित्रा झडप असो की परदेशी दोन पाळ्यांची, शांत रात्री तिचा आवाज अंथरुणात ऐकू येतो आणि महिन्याभरात माणूस त्याला सरावतो. तो बोथट झाला किंवा ऐकू येईनासा झाला, सोबत दम वाढला, तर गुठळीने झडपेची पाळी अडकलेली असू शकते. दुसरे, सकाळच्या लघवीचा कोऱ्या चहासारखा गडद रंग आणि डोळ्यांत हलका पिवळेपणा. याला सर्रास कावीळ समजून मुळ्याचा पाला आणि उसाचा रस सुरू होतो. झडपेच्या शिवणीच्या कडेने बारीक फट राहिली असेल तर तिथून जोराने उसळणाऱ्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. हिमोग्लोबिन घसरते, पेशी फुटल्याची खूण असलेले एलडीएच चढते. रोगी म्हणतो, थकलो. तो फुटलेल्या पेशींमुळे थकलेला असतो. हे ओळखायला इको लागतो, आणि तो वाचायला आधीचा आकडा लागतो. झडपेवरचा दाब-फरक प्रत्येक जातीच्या आणि मापाच्या झडपेत वेगळा असतो, त्यामुळे दोन वर्षांनी आलेला ‘१८’ हा आकडा बिघडलेला की नेहमीचा, हे एकट्या त्या आकड्यावरून कुणालाच सांगता येत नाही. त्यासाठी शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे ते तीन महिन्यांच्या आत, सगळे ठीक असताना, एक इको करून ठेवायचा असतो आणि त्याचा कागद झडपेची जात, माप आणि बसवल्याची तारीख असलेल्या कार्डासोबत त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचा असतो.